पन्नास सह्यांचा मुखत्यारनामा

महाराष्ट्रातील मान्यताप्राप्त राजकीय पक्षांच्या प्रदेशाध्यक्षांस,



हे पत्र कोणा एका पक्षास उद्देशून नाही, आणि ज्या गावाहून ते लिहीत आहे त्या गावाची मते कोणाच्या पारड्यात पडतात याचाही त्याशी संबंध नाही. आपण ज्या आसनावर बसता त्याच्या अधिकारात येणारी एक बाब आपल्यापुढे रुजू करावी, एवढाच हेतू आहे. ती बाब अशी, की ज्या प्रतिनिधीने दोन-तीन मुदती मतदारसंघ सांभाळला, ज्याने विरोधकाच्या घरच्या लग्नातही अक्षता टाकल्या, जत्रेला वर्गणी दिली तशी उरुसालाही दिली, आणि सभागृहात प्रतिपक्षाचे म्हणणे निदान ऐकून घेण्याची रीत कधी मोडली नाही, त्याला त्याच्याच पक्षातील एखादा अधिक कर्मठ आणि अधिक कडव्या वाणीचा गृहस्थ, ‘हा मिळमिळीत आहे, हा आपल्या मूळ तत्त्वांना जागत नाही,’ असे म्हणून आव्हान देतो, आणि मग त्या दोघांपैकी पक्षाचा खरा माणूस कोणता याचा निवाडा करण्याची पाळी आपणांवर येते. हा निवाडा आपण कोठे बसून करता आणि कोणास विचारून करता, हे विचारण्यासाठी हा प्रपंच.

माझा कल कोणीकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. मला मवाळ माणसे आवडतात. ज्याला आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही, अशा माणसाच्या हाती कारभार असावा असे मला मनापासून वाटते. तथापि मवाळांना कडव्यांपासून वाचवा अशी याचना करण्यास मी लेखणी उचललेली नाही. कडव्यांना त्यांचा न्याय्य आखाडा मोकळा करून द्यावा असेच माझे म्हणणे आहे. कारण तो बंद ठेवल्याने मवाळांची जेवढी हानी झाली, तेवढी उघड पराभवाने खचित झाली नसती. या म्हणण्यास आधार आपल्याच पुणे जिल्ह्याच्या इतिहासात आहे, आणि तो जरा सविस्तर सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

2 एप्रिल 1870 रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. निमित्त पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीच्या तक्रारींचे होते आणि खटपट गणेश वासुदेव जोशी या वकिलांची होती. पुढे लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ या नावानेच ओळखू लागले. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले. सरदार, इनामदार, सावकार, वकील आणि पेन्शनर यांची नावे सभासदांच्या यादीत आली. येथवर नवल करण्यासारखे काही नाही. त्या काळच्या सभा अशाच प्रतिष्ठितांच्या असत. नवल आहे ते सभासदत्वाच्या अटीचे. जो कोणी सभासद होऊ इच्छील त्याने निदान 50 माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा, म्हणजे ‘आमच्या वतीने बोलण्याचा अधिकार आम्ही या गृहस्थास देतो’ असा लेखी दस्तऐवज सभेच्या दफ्तरी दाखल करावा, असा तो नियम होता. आणि पहिल्या 95 सभासदांच्या पाठीशी अशा रीतीने 6,000 हून अधिक माणसे उभी होती. मताचा अधिकार सामान्य माणसास स्वप्नातही ठाऊक नव्हता, अशा त्या काळी एखादा प्रतिष्ठित गृहस्थ कागद घेऊन पेठेतल्या वाण्याकडे, तांबटाकडे, शेजारच्या कारकुनाकडे जातो आहे आणि ‘तुमच्या वतीने बोलू का?’ असे विचारतो आहे, हे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. सरदाराला आणि इनामदारालाही त्यातून सुटका नव्हती. सरकारदरबारी ज्याची खुर्ची वंशपरंपरेने ठरलेली, त्यानेही सभेत यायचे तर पन्नासांची संमती घेऊनच यावे, ही कल्पना मला आजही थक्क करते.

पुढे वीस-पंचवीस वर्षे या सभेचा कारभार न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या विचारांची मंडळी यांच्या वजनाने चालला. दुष्काळाच्या चौकश्या झाल्या, सरकारकडे अभ्यासपूर्ण अर्ज गेले, 1878 पासून त्रैमासिक निघू लागले, आणि 1890 साली तरुण गोपाळ कृष्ण गोखले चिटणीस म्हणून आले. हाच तो काळ, की ज्या काळात समाजसुधारणेच्या प्रश्नावर पुणे दुभंगत होते. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने विवाहित मुलीच्या संमतीचे वय 10 वरून 12 वर नेले. एवढ्या अल्प सुधारणेवरूनही शहरात जे रण माजले त्यात सुधारक एकीकडे आणि परकीय सरकारने धर्माच्या व्यवहारात हात घालू नये असे म्हणणारे टिळक व त्यांचे सनातनी अनुयायी दुसरीकडे, अशी फळी पडली. (टिळक राजकारणात जहाल आणि समाजकारणात जपून पाऊल टाकणारे, रानडे समाजकारणात पुढे आणि राजकारणात सबुरीचे, तेव्हा ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ ही लेबले दोघांनाही अर्धीच बसतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.) 1895 साली सभेच्या व्यवस्थापक मंडळाची निवडणूक झाली, तीत टिळकपक्षाने बहुमत मिळविले, आणि ज्या संस्थेला रानड्यांनी आपली बुद्धी वाहिली होती ती संस्था त्यांच्या मंडळींच्या हातून गेली. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यास काँग्रेस भरली, तेव्हा दरसाल काँग्रेसच्या मांडवात होणारी सामाजिक परिषद या खेपेस त्या मांडवात होऊ द्यावयाची नाही असा हट्ट सनातन्यांनी धरला, प्रकरण मांडव जाळण्याच्या धमक्यांपर्यंत गेले, आणि रानड्यांनी समंजसपणे वेगळा मांडव पत्करला. 1896 साली त्यांनी व गोखल्यांनी ‘डेक्कन सभा’ नावाची निराळी संस्था काढली.

या प्रकरणाचे वर्णन सुधारकांच्या बाजूचे लेखक हळहळून करतात, आणि ती हळहळ मलाही वाटते. परंतु सभेच्या निवडणुकीपुरते बोलायचे तर टिळकांनी कोणता अन्याय केला? त्यांनी कुलूप फोडले नाही की रात्रीत ठराव करून कोणाचे नाव खोडले नाही; सभेच्याच नियमाने, सभासदांच्याच मतांनी ते आले. रानड्यांच्या मंडळींची चूक मला निराळ्याच ठिकाणी दिसते. ज्ञान होते, सचोटी होती, सरकारात वजन होते. पण ज्यांच्या मुखत्यारीवर सभा उभी राहिली त्या पन्नास-पन्नास माणसांच्या दाराशी पुन्हा पुन्हा जाण्याची सवय मात्र सुटत गेली, आणि कारभार हे वतन असल्यासारखे वाटू लागले. वतनाला नूतनीकरण लागत नाही, मुखत्यारनाम्याला लागते. टिळकांच्या ताब्यातील सभेने 1896–97 च्या दुष्काळात गावोगाव माणसे पाठवून फॅमिन कोडाने, म्हणजे सरकारच्या दुष्काळ-नियमावलीने, रयतेस काय हक्क दिले आहेत हे समजावून सांगितले, आणि 1897 साली सरकारने या सभेची मान्यताच काढून घेतली. म्हणजे समाजसुधारणेस अडविणाऱ्यांनीच रयतेच्या झोपडीपर्यंत जाण्याचे काम केले. डेक्कन सभेत विद्वत्ता राहिली, पण झोपडीपर्यंत जाणारे पाय तिला फारसे मिळाले नाहीत. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

यापेक्षाही मोठी चूक मवाळांनी सुरतेनंतर केली. डिसेंबर 1907 मध्ये सुरतेच्या अधिवेशनात जोडे भिरकावले गेले, खुर्च्या मोडल्या, आणि काँग्रेस दुभंगली. हा प्रसंग शाळेच्या पुस्तकात सर्वांनी वाचला आहे, तेव्हा त्यावर थांबत नाही. त्यानंतर 1908 साली अलाहाबादेस जी घटना तयार झाली तिच्याकडे मात्र लक्ष वेधतो. विशिष्ट ध्येयपत्रिकेवर सही करील तोच प्रतिनिधी, अशी अट मवाळांनी घातली, आणि दार आतून लावून घेतले. परिणाम काय झाला? टिळक पुढे मंडालेच्या तुरुंगात गेले, विरोधक बाहेर होते, आणि तरीही आतली काँग्रेस वर्षानुवर्षे निस्तेज होत गेली. 1915 साली फेब्रुवारीत गोखले गेले, नोव्हेंबरात फिरोजशहा मेहता गेले. त्याच वर्षअखेर मुंबईच्या अधिवेशनात दार किलकिले झाले, 1916 साली लखनौस टिळक परतले, आणि 1918 मध्ये मवाळांवरच काँग्रेस सोडून निराळी लिबरल परिषद मांडण्याची पाळी आली. ज्यांनी अडसर घातला तेच अखेर बाहेर पडले. कुलपाने राखलेले बहुमत किती दिवस पुरते याचा हिशेब आपणांस मी काय सांगावा?

आता आजच्या काळाकडे वळतो. मी ज्या कळंबहून लिहितो ते इंदापूर तालुक्यातले, वालचंदनगराला लागून असलेले गाव. नीरेच्या कालव्याच्या पाण्यावर येथे ऊस उभा राहतो आणि उसाबरोबर कारखान्याचे राजकारण. भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, पलीकडे बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर: यांच्या निवडणुका हा या भागातला सण असतो. या निवडणुकांत पैसा चालतो, ऊसतोडीच्या तारखांचे आमिष चालते, नातीगोती चालतात, हे सर्व मान्य. पण प्रारूप मतदारयादी कारखान्याच्या फलकावर लागते. मयत सभासदाचे नाव तसेच राहिले असेल, वारसाची नोंद झाली नसेल, तर शेतकरी मुदतीत हरकत घेतो. हरकतीची सुनावणी होते, मग अंतिम यादी लागते. अर्ज, छाननी, माघार, चिन्ह आणि गुप्त मतदान अशा पायऱ्यांनी गाडी जाते. म्हणून तर ज्या बारामतीत विधानसभेला पवारांपुढे कोणाची मात्रा चालत नाही, त्याच बारामतीच्या माळेगाव कारखान्यात 2015 साली सभासदांनी पवारविरोधी तावरे मंडळींच्या पॅनेलला कौल दिला आणि पाच वर्षांनी तोच कौल फिरवला. कोणाच्या घरावर दगड पडला नाही. हरलेले पुढच्या निवडणुकीपर्यंत वार्षिक सभेत प्रश्न विचारीत बसले.

हाच शेतकरी आपल्या पक्षाचाही प्राथमिक सदस्य असतो. त्याने वर्गणी भरलेली असते, खिशात पावती असते. पण त्याला आपल्या तालुक्यात आपल्या पक्षाचे सदस्य किती आणि कोण, याची यादी कधी कोणी दाखविली आहे काय? साखरेच्या पोत्याचा भाव ठरविणारे संचालक तो मताने निवडतो, आणि कायदे करणारा उमेदवार त्याला वर्तमानपत्रात वाचून कळतो.

उमेदवारी कशी ठरते हे आपणांस माझ्याहून अधिक ठाऊक आहे, तरी खालून ती कशी दिसते ते सांगतो. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी तहसील कचेरीसमोर मोटारी उभ्या असतात. दोन इच्छुक, दोघांच्या गळ्यात एकच उपरणे, दोघांजवळ अर्ज तयार, अनामत भरलेली. कमी असतो तो एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद. तो मुंबईहून निघाला की नाही, पुण्यात कोणाच्या हाती आहे, शाईची मूळ सही आहे की छापील शिक्का, असे कुजबुजत दुपारचे तीन वाजत येतात. छापील शिक्का चालत नाही आणि तीननंतर कागदच चालत नाही, हे दोन नियम मात्र तेथील पोरासोरांनाही पाठ असतात. तीनला दहा मिनिटे असताना एक गाडी येते. त्या गाडीतल्या लिफाफ्यात ज्याचे नाव तो पक्ष, आणि दुसरा बंडखोर. पाच वर्षे मतदारसंघ सांभाळणारा मवाळ आमदार या दहा मिनिटांत बंडखोर ठरू शकतो आणि काल परवा आलेला कडवा वक्ता अधिकृत. याच्या उलटही घडते. पण दोन्ही प्रसंगी कोणास विचारले नाही ही गोष्ट समान असते.

हे केवळ आमच्या तालुक्यापुरते नाही. 2019 च्या विधानसभेला भाजपचे विनोद तावडे आणि चंद्रशेखर बावनकुळे हे मंत्रिपदावर असताना त्यांना उमेदवारी मिळाली नाही. पुढे त्यांपैकी एक पक्षाच्या केंद्रीय कार्यालयात आणि दुसरे प्रदेशाध्यक्षपदी गेले, तेव्हा त्यांची लायकी कमी पडली असे पक्षालाही म्हणता येणार नाही. त्यांच्या मतदारसंघातील पक्षसदस्यांनी त्यांना नाकारले होते काय? त्यांना कोणी विचारलेच नव्हते. अन्य पक्षांनी यावर हसू नये. नावे बदलली तर हाच परिच्छेद त्यांच्यासाठीही वापरता येईल.

ज्याला पक्षात आखाडा मिळत नाही तो आखाडा बाहेर मांडतो. आमच्या इंदापुरात हर्षवर्धन पाटील 1995, 1999 आणि 2004 असे तीनदा अपक्ष म्हणून निवडून आले आणि 2009 साली काँग्रेसच्या चिन्हावर. 2014 मध्ये दत्तात्रय भरणे यांनी त्यांचा पराभव केला, आणि 2019 व 2024 मध्ये पाटील प्रत्येक वेळी निराळ्या पक्षाकडून भरण्यांशी लढले. पक्षांतराची ही नोंद वाचून शहरातले लोक नाक मुरडतात. मी मुरडत नाही. पक्षाच्या आत जो कौल सदस्यांनी द्यायचा तो येथे सर्व मतदारांकडून, चिन्हे बदलून बदलून, घेतला गेला. आतले दार बंद होते म्हणून भांडण अंगणात आले.

आणि हे दार बंद असल्याची किंमत शेवटी पक्षांनाच द्यावी लागली. शिवसेना कोणाची, हे ठरवताना निवडणूक आयोगाने 17 फेब्रुवारी 2023 च्या आदेशात त्या पक्षाच्या 2018 च्या घटनेतील लोकशाहीच्या अभावावर ताशेरे ओढले. राष्ट्रवादी काँग्रेस कोणाची, हे ठरवताना 6 फेब्रुवारी 2024 रोजी संघटनेतील बहुमताची कसोटी विश्वासार्ह ठरेना म्हणून आयोगाने विधिमंडळातील बहुमतावर निर्णय दिला. दोन्ही प्रकरणांत निकाल बरोबर की चूक, यावर आपल्यात हमरीतुमरी चालू राहील. मला दिसते ते एवढेच, की जवळजवळ पंचवीस वर्षे चाललेल्या राष्ट्रवादीसारख्या पक्षाला ‘आमचे सदस्य हे, त्यांनी निवडलेले पदाधिकारी हे’ असे निर्विवाद दाखविणारे दफ्तर हजर करता आले नाही. सार्वजनिक सभेपाशी ते 1870 साली होते.

आता आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. सदस्यांच्या हाती उमेदवारी दिली, तर कडवेच जिंकतील. कारण मवाळ माणूस घरी बसतो आणि कडवा मतदानाला येतो. अमेरिकेकडे बोट दाखवले जाईल, जेथे पक्षाचा उमेदवार पक्षाचे मतदार मतपेटीतून ठरवतात. इंडियाना राज्याचे रिचर्ड लूगर 36 वर्षे सेनेटर होते, प्रतिपक्षाशी मिळून अण्वस्त्रे कमी करण्याचे काम त्यांनी केले. 2012 च्या मे महिन्यात त्यांच्याच पक्षाच्या अधिक कर्मठ रिचर्ड मरडॉक यांनी त्यांना पाडले. दोन वर्षांनी प्रतिनिधिगृहातील बहुमतपक्षाचे नेते एरिक कँटर यांना व्हर्जिनियात डेव्ह ब्रॅट नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने हरवले. कँटर मवाळ होते असे नाही, पण आव्हान देणाऱ्याच्या मापाने तेही कमी कडवे ठरले. हे सर्व खरे. पण हेही खरे, की मरडॉक सार्वत्रिक निवडणुकीत पडले आणि ती जागा प्रतिपक्षाकडे गेली. आणि अलास्कात 2010 साली पक्षांतर्गत निवडणूक हरलेल्या लिसा मर्कोव्स्की यांनी मतपत्रिकेवर नाव छापलेले नसताना, मतदारांकडून ते हाताने लिहवून घेऊन, त्याच वर्षीची सार्वत्रिक निवडणूक जिंकली. तेथील मवाळ हरला तरी कोणाच्या किती मतांनी हरला हे त्याला कळते, आणि पुढे काय करायचे हे तो त्यावरून ठरवू शकतो. आपल्याकडील मवाळाला लिफाफा कोणी भरला हे मरेपर्यंत कळत नाही.

तरीही हा आक्षेप मी पूर्णपणे उडवून लावीत नाही. नुसती सदस्यांची मतमोजणी ठेवली, तर निवडणुकीच्या आदल्या महिन्यात दोन हजार पावत्या फाडून कोणीही तालुका खिशात घालील. तसे घडलेले आपण पाहिले आहे. म्हणूनच मला सार्वजनिक सभेचा तो जुना नियम उपयोगी वाटतो. पन्नास सह्या जमवायच्या म्हणजे पन्नास दारांत उभे राहायचे, आणि त्यांतली बरीच दारे उदासीन माणसांची असतात. घोषणा देणाऱ्यांच्या सह्या गोळा करणे सोपे. जो म्हणतो, ‘ते सगळं राहू द्या, पाणी केव्हा सोडताय ते सांगा,’ त्याची सही मिळवणे अवघड. कडव्याला तेथे भाषा सौम्य करावी लागते, मवाळाला घरातून उठावे लागते.

म्हणून विनंती अशी, की येत्या विधानसभेच्या निदान एक वर्ष आधी आपण प्रत्येक तालुक्यातील पक्षसदस्यांची यादी तयार करून पक्षकार्यालयाच्या फलकावर लावावी आणि तीवर हरकती घ्याव्यात. मतदान जाहीर होण्याच्या किमान सहा महिने आधी नोंदलेल्यांसच मत असावे. विद्यमान आमदार असो वा नवा इच्छुक, त्याने मतदारसंघातील प्रत्येक जिल्हा परिषद गटातून 50 मतदारांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा, त्यांत निम्मे तरी पक्षाचे सदस्य नसलेले असावेत, आणि हे कागद कोणासही पाहावयास मिळावेत. एवढे झाल्यावर सदस्यांचे गुप्त मतदान व्हावे व त्याचा निकाल, आकड्यांसह, त्याच फलकावर लागावा. मोजणी आपल्या जिल्हाध्यक्षांच्या हाती देऊ नये. ज्यांनी साखर कारखान्यांच्या, दूध संघांच्या आणि सोसायट्यांच्या निवडणुका पार पाडल्या आहेत असे सहकार खात्यातील कितीतरी निवृत्त निवडणूक अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात आहेत, आणि त्यांना अर्ज छाननीत कोणाचा दबाव कसा परतवायचा हे शिकवावे लागणार नाही. खर्चाची अडचण सांगू नये. एका सभेच्या मांडवाच्या भाड्यात एका तालुक्याचे मतदान सहज होते.

यातील कोणती गोष्ट आपल्या पक्षाच्या घटनेस मान्य नाही, ते कलमासह लिहून कळवावे. घटनेत अशी तरतूद आधीच असेल, तर ती शेवटची केव्हा अंमलात आली, त्या वर्षाचा आकडा तेवढा कळवावा.



कळंब, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद